निरवानिरव

मागील घटकांत आपण शब्दांची घडण आणि त्यांच्या अर्थाचे स्थित्यंतर पाहिले. या लेखात त्याच विषयाकडे जरा निराळ्या वाटेने जायचे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण नोकरी, शेती, दुकान, संसार सांभाळून ही पदवी पूर्ण करीत आहेत. घरातले एखादे वडीलधारे माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येऊन गेला असेल. नसेल, तर येईल. हे काम करताना भाषेच्या अभ्यासकाला काय दिसते, ते मी येथे सांगणार आहे. काम भाषेचे नाही. तरीही ते करताना मला शब्दांचीच सोबत अधिक झाली.

माझी आत्या नागोठण्याला राहत असे. रोहे तालुक्यातले, अंबा नदीच्या काठचे हे जुने गाव. खाडीमार्गे येथपर्यंत गलबते येत, म्हणून एकेकाळचे बंदर. नदीवरचा दगडी पूल इ. स. १५८०च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाव ठाऊक असते ते पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यामुळे. पूल कोणी वाकून पाहत नाही. आत्याने चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केले, लग्न केले नाही, आणि नदीपासून फार दूर नसलेल्या आपल्या कौलारू घरात वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती गेली. साऱ्या आळीची ती ‘बाई’ होती. घर विकायचे ठरले. घेणाऱ्याला तेथे इमारत बांधायची होती, त्यामुळे घर रिकामे करून द्यायला आम्हांला पंधरा दिवस मिळाले. वारस दोघेच: माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, आणि मी.

पहिले दोन दिवस मी नुसती यादी करीत होते. यादी करणे हा आम्हा भाषेच्या लोकांचा रोगच आहे. एका पानावर लिहिले : पलंग, खुर्च्या तीन, कपाट लोखंडी, संदूक, ट्रंका दोन, पिंप, घमेली, बादल्या, पाट सहा, चौरंग, फडताळ. आणि मग लक्षात आले की आत्याच्या चार खोल्यांत कोकणाचा निम्मा इतिहास भरलेला आहे. ‘पलंग’ संस्कृत ‘पर्यंक’-‘पल्यंक’ यांवरून आलेला. ‘खुर्ची’ आणि ‘संदूक’ हे दोन्ही अरबी. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले. ‘पिंप’, ‘घमेले’, ‘बादली’ ही तीन पोर्तुगीज. कपाटाची ‘चावी’ही पोर्तुगीज, आणि दाराची ‘बिजागरी’सुद्धा. ‘ट्रंक’ इंग्रजी. आत्याला यातले काहीच परके वाटत नव्हते आणि ते योग्यच होते. चौल-रेवदंड्याची पोर्तुगीज सत्ता १७४०मध्ये संपली; पण रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत आजही काही शे लोक घरात पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली बोलतात आणि तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. राज्ये जातात, बादल्या राहतात.

‘कपाट’ या शब्दावर मात्र थोडे थांबावे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, दार. हिंदी बातम्यांत दर उन्हाळ्यात केदारनाथ-बद्रीनाथचे ‘कपाट’ उघडल्याचे आपण ऐकतो, ते याच अर्थाने. मराठीत दारावरून शब्द दारामागच्या पोकळीवर सरकला आणि दारे असलेल्या पेटीसारख्या वस्तूला कपाट म्हणू लागले. अंगाकडून अंगीकडे होणारे हे अर्थांतर आपण अभ्यासलेच आहे. परीक्षेत उदाहरण विचारले तर हे लिहायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी दादाने सर्व वस्तूंची छायाचित्रे काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. बासष्ट माणसे त्या गटात आहेत. अंगठे आले, हात जोडलेली चित्रे आली, ‘किती आठवणी!’ असे दहाबारा जणांनी लिहिले. पलंगावर लहानपणी आपण कसे झोपत असू याचे एका आतेबहिणीने सुंदर वर्णन केले. न्यायला कोणी आले नाही. मी कोणाला दोष देत नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत साडेसहा फुटी सागवानी पलंग कोण ठेवणार? वस्तूंविषयीचा जिव्हाळा आणि वस्तूंना लागणारी जागा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांतली पहिली अजून आपल्याजवळ पुष्कळ आहे.

तेव्हा भंगारवाल्याला बोलावले. ‘भंगार’ म्हणजे मोडकेतोडके, टाकाऊ. याच्या शेजारचाच ‘भांगार’ हा शब्द जुन्या मराठीत सोन्यासाठी वापरला जाई आणि कोकणीत आजही सोन्याला भांगार म्हणतात. एका कान्याच्या फरकाने सोने आणि कचरा शेजारी बसले आहेत. गोव्यातला माणूस आपल्या गल्लीत ‘भंगारवाला’ अशी हाक ऐकून दचकला, तर नवल नाही. तांब्यापितळेची भांडी मात्र भंगार नव्हेत. ती ‘मोडीत’ जातात. मोड म्हणजे धातूच्या जुन्या वस्तूचे तिच्या वजनावरून ठरणारे मोल. घडणावळ गेली, नक्षी गेली, नाव घातलेले अक्षर गेले, उरले वजन. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार तेथून आला. (काही विद्यार्थी त्याचा संबंध मोडी लिपीशी जोडतात. तसे करू नये.) माझ्या आजीचे नाव कोरलेला पितळी डबा तराजूवर चढला तेव्हा काटा किती वाजता स्थिरावतो याकडे मी पाहत होते, आणि दादा माझ्याकडे. त्याने तो डबा उतरवून बाजूला ठेवला. काही बोलला नाही.

कपड्यांचा प्रश्न लवकर सुटला. चांगली लुगडी आळीतल्या बायकांनी नेली. आत्याचे अंथरूण-पांघरूण प्रथेप्रमाणे घरात ठेवायचे नव्हते. तेराव्याला शय्यादान करण्याची आपल्याकडे रीत आहे: गादी, उशी, छत्री, पादत्राणे, तांब्या-भांडे. आता गुरुजीही गादी नेत नाहीत, तिच्या मोबदल्यात दक्षिणा घेतात. त्यांचेही घर लहानच असते. रीतीमागचा विचार मला मात्र पटतो. गेलेल्या माणसाची सर्वांत जवळची वस्तू विकू नये, कोणाच्या तरी उपयोगी पडावी, एवढेच तिचे सांगणे.

जुन्या घरांतून बाहेर पडलेल्या वस्तूंवर एका माणसाने मोठे काम उभे केले, ते आपण पुण्यास गेल्यास अवश्य पाहावे. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. मोडकळीला आलेल्या वाड्यांतून, बाजारांतून, खेड्यापाड्यांतून त्यांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपे, कोरीव दरवाजे, वाद्ये अशा हजारो वस्तू मिळवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले आणि १९७५मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. तेथल्या अडकित्त्यांसमोर मी अनेकदा उभी राहिले आहे. प्रत्येक अडकित्ता कोणाच्या तरी आत्याचा असणार. तरीही आत्याच्या सहा पाटांना संग्रहालयात जागा मिळावी असे मला वाटले नाही. पाट बसण्यासाठी असतो. दोन शेजारी गेले, दोन दादाने नेले, दोन माझ्याकडे आहेत, आणि त्यांवर आम्ही बसत नाही हे खरे आहे.

आता मूळ शब्दाकडे येते. या साऱ्या कामाला आम्ही फोनवर ‘विल्हेवाट’ म्हणत होतो. सामानाची विल्हेवाट लावायची आहे, असे. शब्द चुकीचा नाही. पण या क्रियेची वाक्यरचना पाहा. विल्हेवाट कोणीतरी लावतो आणि कशाची तरी लावतो. दोनच घटक झाले. वस्तू कोणाकडे गेली याला त्या वाक्यात जागा नाही. मराठीत दुसरा एक शब्द आहे, ‘निरवणे’. निरवणे म्हणजे सोपवणे, हवाली करणे. याला तीन घटक लागतात : निरवणारा, निरवायची वस्तू किंवा व्यक्ती, आणि जिच्या हाती निरवायचे ती व्यक्ती. लग्नात झाल, म्हणजे ऐरणीदान, होते तेव्हा दिव्यांची दुरडी सासरच्या एकेकाच्या डोक्यावर ठेवून मुलीची आई आपली लेक त्यांना निरवते. दूरच्या प्रवासाला निघालेला किंवा अखेरच्या दुखण्यात पडलेला माणूस ‘निरवानिरव’ करतो. घेणारा नसेल, तर निरवणे होऊच शकत नाही. क्रियापदाला किती आणि कोणते घटक लागतात हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात कोरडा वाटतो. रिकाम्या होत असलेल्या घरात तो कोरडा राहत नाही.

स्वीडिश भाषेत अलीकडे एक शब्द बराच गाजला : ‘दोस्तेदनिंग’. ‘दो’ म्हणजे मरणे आणि ‘स्तेदनिंग’ म्हणजे साफसफाई. मार्गारेटा मॅग्नुसन या वृद्ध लेखिकेचे त्यावरचे पुस्तक २०१७मध्ये आले आणि जगभर वाचले गेले. आपल्या मागे मुलांना त्रास नको म्हणून जिवंतपणीच पसारा कमी करावा, असा तिचा शहाणपणाचा सल्ला आहे. सल्ला मला मान्य आहे. पण शब्दातला भेद नजरेआड करता येत नाही. साफसफाई एकट्याने करता येते, निरवानिरव नाही.

आत्याने निरवानिरव केली होती, हे आम्हांला सातव्या दिवशी कळले.

स्वयंपाकघरात एक जाळीचे फडताळ होते. चार पायांचे, सागवानी, पुढे बारीक तारेची जाळी. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवलेले. दूध, तूप, उरलेली भाकरी त्यात. जुलै १९८९मध्ये अंबेला जो भयंकर पूर आला, ज्याने वर जांभूळपाड्यात हाहाकार केला, त्या पुराचे पाणी आत्याच्या घरातही शिरले होते. पाणी फडताळाच्या ज्या उंचीला टेकले तेथे तिने दाराच्या आतल्या बाजूने पेन्सिलीने रेघ ओढून महिना व साल लिहून ठेवले होते. शिक्षिकेचे ठसठशीत अक्षर, रेघेवर पट्टी ठेवून ओढलेली. मुंबईच्या जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याने छायाचित्र पाहून त्याची चांगली किंमत सांगितली. दादाने टेम्पो ठरवला.

आत्याजवळ शेवटची अकरा वर्षे एक बाई काम करीत होत्या. खाडीच्या बाजूच्या गावातून त्या रोज पायी येत. शेवटच्या दोन वर्षांत रात्रीही राहिल्या. पहिले सहा दिवस त्यांनी आमच्याबरोबर भांडी घासली, पोती बांधली, चहा केला. काही मागितले नाही. टेम्पोची गोष्ट निघाली तेव्हा शेजारच्या काकूंनी मला अंगणात गाठून सांगितले की ते फडताळ बाईंनी हिला दिलेले आहे, साऱ्या आळीला ठाऊक आहे. मी आत जाऊन विचारले. त्या हात पुसत म्हणाल्या, “फरताल बाईंनी मना दिलाय. पन आता तुमी सांगाल तसा.”

आगरी-कोळी बोलींत दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. फडताळाचे फरताल होणे हा त्या बोलीचा नियम आहे, अशुद्धता नव्हे; हे आपण बोलींच्या घटकात वाचलेच आहे. त्या क्षणी मात्र मी नियमाचा विचार करीत नव्हते. मी ‘दिलाय’ या क्रियापदाचा विचार करीत होते. ‘देणार होत्या’ असे त्या म्हणाल्या नव्हत्या.

दादाने विचारले, “पुरावा काय?” त्याला लोभी समजू नका. आत्याच्या दोन वर्षांच्या औषधोपचाराचा बहुतेक खर्च त्याने केला होता, आणि त्यातला एक पैसाही त्याने कधी माझ्याकडे मागितला नाही. फडताळाचे पैसे त्याला खिशात घालायचे नव्हते. त्यातून आत्याच्या शाळेला काही द्यायचे त्याच्या मनात होते. त्याचा प्रश्न हिशेबी माणसाचा होता आणि कायद्याने तो बरोबरच होता. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे सामान्य माणसाचे मृत्युपत्र लेखी असावे लागते, त्यावर करणाऱ्याची सही वा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. जिवंतपणी जंगम वस्तूचे दान करायचे तर, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे, नोंदणीकृत लेख हवा किंवा वस्तूचा ताबा तरी दिलेला हवा. फडताळ आत्याच्या स्वयंपाकघरातून हलले नव्हते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आत्याने काहीच दिले नव्हते. ती नुसती बोलली होती.

‘नुसते बोलणे’ म्हणजे काय, यावर ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५मध्ये हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याने दिली. ती त्यांच्या निधनानंतर, १९६२मध्ये, पुस्तकरूपाने आली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दिलेल्या अगदी पहिल्या उदाहरणांत मृत्युपत्रातून भावाला घड्याळ ठेवणाऱ्या माणसाचे वाक्य आहे. अशी कृती साधायची तर योग्य माणसाने, योग्य प्रसंगी, ठरलेल्या रीतीने बोलावे लागते; नाहीतर ती फसते. मी हे वर्गात सव्वीस वर्षे शिकवत आले आहे. आत्याच्या स्वयंपाकघरात उभी असताना मला प्रथमच प्रश्न पडला की ठरलेली रीत म्हणजे कोणाची रीत. दोन साक्षीदारांची सही ही एक रीत झाली. आळीतल्या पाचसहा जणींसमोर बाईंनी बोललेला शब्द ही दुसरी. पहिल्या रीतीने आत्याचे वाक्य फसले होते. दुसऱ्या रीतीने फडताळ केव्हाच दिले गेले होते, आणि आम्ही दोघे दुसऱ्याची वस्तू टेम्पोत चढवायला निघालो होतो.

हे सगळे मी दादाला सांगितले नाही. व्याख्यान देऊन घरातले वाद मिटत नाहीत, हा अनुभव प्राध्यापकांच्या घरात सर्वांनाच असतो. मी त्याला एवढेच विचारले, “आत्या तुला म्हणाली असती, ‘अमुक तुझं’, तर तू कागद मागितला असतास का?” तो बराच वेळ पुराची रेघ पाहत उभा राहिला. मग त्याने टेम्पोवाल्याला फोन केला. टेम्पो रद्द केला नाही, पत्ता बदलला.

फडताळ खाडीच्या बाजूच्या त्या घरी पोहोचले, पण दारातून आत जाईना. पाय चार बोटे कापावे लागले. मला वाईट वाटले, त्यांना मुळीच नाही. दूध ठेवायला त्यांच्याकडे फ्रीज आहे. महिन्याभराने मी गेले तेव्हा फडताळात त्यांच्या नातीची शाळेची पुस्तके, कंपासपेटी आणि वरच्या फळीवर गणपतीचे मखर होते. नातीने पुराच्या रेघेजवळ पेन्सिलीने आपली उंची आखायला सुरुवात केली होती. तीन रेघा झाल्या होत्या.

माझ्याकडे आत्याची एक ट्रंक आली. तिच्यात एक उसनवारीची वही निघाली. कोणी लग्नासाठी, कोणी बारशासाठी, कोणी गौरीगणपतीत काय नेले त्याच्या नोंदी : मोठे पातेले, परात, झारा, समई, तपेले. परत आले की नोंदीवर आडवी रेघ. बहुतेक सर्व नोंदींवर रेघ आहे, अकरांवर नाही. कोणाकडे काय आहे हे नावानिशी लिहिलेले असूनही दादाने ती वही पाहून मिटली आणि मला परत दिली. वहीत काही शब्द असे आहेत की दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात ते शोधावे लागले. काही तेथेही वेगळ्याच अर्थाने आहेत. त्यांवर मी सध्या काम करीत आहे.

आपण पुढील संपर्कसत्राला याल तेव्हा एक काम करून यावे. आपल्या घरात किंवा आजोळी आता वापरात नसलेल्या पाच वस्तूंची नावे, घरातले लोक ज्या उच्चाराने ती बोलतात त्याच उच्चाराने, लिहून आणावीत. वस्तू कशाची, कोठे ठेवलेली, कोणाकडून आली, तेही लिहावे. आणि ती पुढे कोणाला द्यायची हे कोणी बोलून ठेवले असेल, तर ज्याने बोलून ठेवले त्याचे नाते आणि शक्य तितके त्याचेच शब्द. प्रमाणभाषेत सुधारून आणू नयेत.